हजेरीपट आधी बोलतो

शाळा बंद ठेवल्याने फ्लूची साथ मंदावते, हा एका लेखात वाचलेला मुद्दा पटला. पण त्याआधीची पायरी राहून गेली. दवाखान्यांत गर्दी होण्याआधीच साथीची चाहूल हजेरीपटात लागू शकते. एकाच वर्गातली पाच-सहा मुलं अचानक गैरहजर दिसली, तर घरी फोन करून ताप-खोकला आहे का ते विचारावं आणि त्याच दिवशी आरोग्य विभागाला कळवावं. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही, कारण वर्ग सहलीमुळेही रिकामा असतो. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू पसरवतात. म्हणून औषध न घेता ताप उतरून निदान २४ तास होईपर्यंत त्यांना घरीच ठेवा. आणि शंभर टक्के हजेरीची बक्षिसं शाळांनी कृपा करून बंद करावीत. त्यापायी फणफणलेली मुलंही वर्गात येऊन बसतात.