‘पबमध्ये बनलेली बिअर शंभर टक्के नॅचरल’ म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

हा मेसेज बरेच दिवस या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय, आणि आता त्याला एक व्हिडिओपण चिकटलाय. मेसेज थोडक्यात असा: पबमध्येच, जागेवर बनवलेली क्राफ्ट बिअर पूर्ण नॅचरल, एकही केमिकल नाही. बाटलीतल्या बिअरमध्ये कंपन्या ग्लिसरीन ओततात, त्यानेच ढेरी सुटते नि सकाळी डोकं ठणकतं. पबमधली रोजच्या रोज ताजी बनते, वरून गॅस भरत नाहीत, गाळत नाहीत म्हणून व्हिटॅमिन शाबूत. काळी तेवढी कडक, ती जपून. हे नवं तंत्र मोठ्या कंपन्या दडपून ठेवतायत. बाकी कितीही प्या, हँगओव्हर नाही, तासाभरात उतरते.

मला स्वतःला टँकमधून थेट नळाला आलेली बिअर बाटलीपेक्षा जास्त आवडते, त्यामुळे हा कंपनीवाल्यांचा माणूस दिसतोय असं समजू नका. चांगल्या गोष्टीबद्दल कुणी बंडला मारायला लागलं की उलट जास्त डोकं फिरतं.

आधी ग्लिसरीन घेऊ, कारण त्या व्हिडिओने भल्याभल्यांना गंडवलंय. व्हिडिओत काय, तर बिअरची उघडी बाटली पाण्याने भरलेल्या ग्लासात उलटी धरलीये, तोंड पाण्यात बुडालेलं, आणि बाटलीतून एक दाटसर तेलकट धार तळाकडे जाताना दिसते, की झालं, "बघा, निघालं ग्लिसरीन!" अहो ती बिअरच आहे. आंबवून झाल्यावरही बिअरमध्ये न आंबलेल्या साखरा, डेक्स्ट्रिन वगैरे थोडं उरतंच, त्यामुळे नेहमीची बिअर पाण्यापेक्षा किंचित जड भरते, पाणी १.००० धरलं तर बिअर साधारण १.००८ ते १.०१२, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असूनसुद्धा. मग जड बिअर खाली उतरते, हलकं पाणी त्याच तोंडातून वर बाटलीत शिरतं, आणि दोन्ही मिसळताना मधून जाणारा प्रकाश वेडावाकडा वळतो म्हणून ती धार तेलासारखी दिसते. पाण्यात साखरेचा पाक सोडा, हुबेहूब हेच दिसेल. म्हणजे ‘ग्लिसरीन काढून’ पिणारा भाऊ प्रत्यक्षात स्वतःच्याच बिअरमध्ये पाणी घालून पितोय. पबमधली बिअर बाटलीत भरून हाच प्रयोग करा, तीच धार.

आणि ग्लिसरीन बिअरमध्ये असतंच हो, पण ते यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव, स्वतः बनवतं, आंबवताना, लिटरमागे साधारण १ ते ३ ग्रॅम, पबमध्येही आणि कारखान्यातही. अर्ध्या लिटरात जास्तीत जास्त दीड ग्रॅम धरलं तर सहा-सात कॅलरी झाल्या. त्याच ग्लासात ५ टक्के अल्कोहोल असेल तर ते जवळपास २० ग्रॅम, ग्रॅमला ७ कॅलरी म्हणजे १४० च्या घरात, कार्बोहायड्रेटच्या वेगळ्या. ढेरीचा हिशोब कुठे लागतो ते आता तुम्हीच बघा.

"एकही केमिकल नाही". हे वाक्य एखाद्या ब्रूअरसमोर, म्हणजे बिअर बनवणाऱ्यासमोर, म्हणून बघा, हसेल तो. कागदावर बिअर चारच गोष्टींची, पाणी, मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडूपणा नि वास देणारी एका वेलीची फुलं), यीस्ट. बव्हेरियाचा १५१६ चा तो शुद्धतेचा कायदा सगळे मिरवतात, त्यात तर यीस्टचं नावसुद्धा नाही, कारण आंबवतंय कोण हेच तेव्हा कळलेलं नव्हतं. पण प्रत्यक्ष कामाचा दिवस बघा. मॉल्टचा भरडा ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, त्यात धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, मग तो गोड रस, म्हणजे वर्ट, गाळून हॉप्स घालून तास-दीड तास उकळायचा, थंड करायचा, यीस्ट सोडायचं. यात पाणी जुळवून घ्यायला जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड पडतं, उकळीच्या शेवटी बिअर स्वच्छ दिसावी म्हणून आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ पडतं, यीस्टला खाऊ म्हणून कधी झिंकही. सगळीकडे सगळंच घालतात असं नाही, पण घातलं तर लपवण्यासारखंही काही नाही.

आणि खरं केमिकल पुढेच आहे, धुलाईत. ब्रूअरचं काम म्हणजे दाढी कुरवाळत हॉप्सचा वास घेणं असं वाटत असेल तर सॉरी, बराचसा वेळ गमबूट घालून टाक्या नि पाइप धुण्यातच जातो, गरम कॉस्टिक सोडा फिरवा, मग पाणी, मग खडा काढायला अॅसिड, मग जंतू मारायला पेरासिटिक अॅसिड. ते बिअरमध्ये राहत नाही, राहायला नकोच, पण त्याच्याशिवाय बिअर होतच नाही. ज्या पबच्या मागच्या खोलीत कॉस्टिकचा कॅन दिसणार नाही तिथली बिअर मी तरी पिणार नाही.

उलट बाटलीतली बिअर टिकते म्हणजे तिच्यात काहीतरी ‘मारलेलं’ असणारच, हाही गैरसमज. बरीच बाटलीबंद बिअर टिकते ती बारीक गाळून आणि ६० अंशांच्या आसपास तापवून, म्हणजे पाश्चराइज करून. शिवाय हॉप्स, अल्कोहोल, आंबटपणा आणि आत जवळजवळ नसलेला ऑक्सिजन हे चौघं मिळून निम्मं काम आधीच करतात. काही ठिकाणी सल्फाइटसारखं काही घालतात, ते लेबलवर वाचा ना. आणि मोठ्या ब्रूअरीजना शिव्या घालताना एवढं आठवा की शुद्ध यीस्ट वेगळं काढून वाढवायची रीत १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्याच लॅबमध्ये एमिल हान्सेनने बसवली, आज छोट्यातला छोटा पब जे यीस्ट मागवतो ते त्याच वाटेने येतं.

"रोजच्या रोज ताजी बनते". रोज बनत नाही हो, रोज फक्त वाढली जाते. एल प्रकारची बिअर १८ ते २२ अंशांवर आंबायला काही दिवस, मग थंडीत निवायला काही दिवस, धरून दोन-तीन आठवडे. लागर तर ८ ते १२ अंशांवर सावकाश आंबते, मग थंडीत पडून राहते, एक-दोन महिने सहज. आणि इथेच पबची खरी अडचण आहे जी मेसेजवाल्याला माहीतच नाही: टाक्या मोजक्या, शनिवारची गर्दी तोंडावर, आवडती बिअर संपत आलेली, मग पुढचा टँक दोन-चार दिवस आधीच उघडायचा मोह होतो. अशी कच्ची बिअर ओळखता येते. बटर पॉपकॉर्नसारखा वास आला तर तो डायअॅसिटिल, हिरव्या सफरचंदासारखा आला तर अॅसिटाल्डिहाइड. दोन्ही आंबण्याच्या वाटेवर तयार होतात, आणि यीस्टला थोड्या उबेत आणखी दोन-तीन दिवस दिले तर तेच यीस्ट बऱ्यापैकी साफ करून टाकतं. म्हणजे ‘लवकरात लवकर’ ही इथे चांगली गोष्टच नाही.

मग ताजेपणाला काही अर्थच नाही का, तर आहे, भरपूर आहे, फक्त तो मेसेज सांगतो तिथे नाही. तयार झालेल्या बिअरचे वैरी म्हणजे ऑक्सिजन, उष्णता आणि उजेड. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव यायला लागते, आणि पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीवर ऊन पडलं तर हॉप्समधल्याच कडू घटकांपासून एक घाणेरडा गंधकी वास तयार होतो. पबमध्ये टँक ते ग्लास अंतर काही फुटांचं, ट्रक नाही, गोदाम नाही, ऊन नाही. हॉप्स भरभरून घातलेली आयपीए किंवा गव्हाची बिअर अशी प्यायली की फरक जिभेला लगेच कळतो, त्याला मेसेजची गरज नाही. पण ही मधली काही फुटांची लाइन साधारण दर दोन आठवड्यांनी धुतली नसेल तर आत बॅक्टेरिया ठाण मांडतात आणि टँकमध्ये झकास असलेली बिअर ग्लासात आंबूस होऊन पडते. पाश्चराइज केलेली नसते ना, म्हणजे सावरायला मागे कोणी नाही. आणि बार्ली वाइन, जबर स्टाउट असल्या जड बिअर तर उलट मुरल्यावर चांगल्या लागतात, तिथे ताजीताजी म्हणून नाचण्यात अर्थ नाही.

गॅसचं एका ओळीत: पुष्कळ पबमध्येही तयार बिअरमध्ये सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइडच सोडतात, आणि बाटलीतच यीस्टकडून गॅस धरवलेल्या बिअरही दुकानात मिळतात. दोन्हीकडचा रेणू एकच.

व्हिटॅमिनचं म्हणाल तर गढूळ बिअरमध्ये यीस्ट तरंगतं आणि यीस्टमध्ये बी गटातली व्हिटॅमिन असतात, एवढं खरं, पण व्हिटॅमिनसाठी बिअर पिणं म्हणजे कहरच. आणि ‘नॅचरल’ म्हणून शाकाहारी मित्रांना आग्रह करण्याआधी विचारून घ्या, कारण पारंपरिक ब्रिटिश पब बिअर निवळायला आयसिंग्लास वापरायची जुनी पद्धत आहे, आणि ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनतं. पूर्ण नॅचरल, अगदी.

काळी म्हणजे कडक? रंग भाजलेल्या मॉल्टचा, नशा आंबलेल्या साखरेची. गिनेस ड्राफ्ट काळीकुट्ट आणि साधारण ४.२ टक्के, बेल्जियमची डुव्हेल सोन्यासारखी पिवळी आणि ८.५ टक्के. रंग बघून ‘हलकी’ मागवणारे कसे झोपतात ते बघितलंय.

नवं तंत्र दडपल्याचं तर काय बोलावं. प्रागमधल्या उ फ्लेकू नावाच्या पबमध्ये १४९९ पासून बिअर बनतीये. इंग्लंडात पूर्वी जागेवर बिअर बनवणारे पब गावोगाव होते, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उरले फक्त चार, त्यातला एक कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा ब्लू अँकर. १९७१ मध्ये काम्रा ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली ती पिंपातल्या जिवंत, म्हणजे यीस्ट अजून आत असलेल्या, एलसाठी, आणि ती चवीसाठी भांडली.

राहिलं शेवटचं, आणि हे खोटं धोक्याचं आहे. हँगओव्हर येतो मुख्यतः अल्कोहोलमुळे, शरीरात त्याचं होणाऱ्या अॅसिटाल्डिहाइडमुळे, पाणी कमी पडल्यामुळे आणि झोपेचं खोबरं झाल्यामुळे, आणि हे सगळं पबमधल्या बिअरमध्येही तेवढंच आहे, खरं तर क्राफ्ट बिअर बऱ्याचदा जास्त टक्क्यांची असते. उतरायचा हिशोब करा: अर्धा लिटर, ६.५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल. लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम संपवतं, कॉफी पिऊन, आंघोळ करून किंवा नॅचरल आहे म्हणून ते काही वेग वाढवत नाही. एका ग्लासाला अडीच ते साडेतीन तास, दोन ग्लासांना पाच ते सात. म्हणजे रात्री अकराला दुसरा ग्लास संपवून बाराला गाडी काढणारा माणूस प्यायलेलाच असतो, आणि तीन ग्लास झाले असतील तर पहाटेपर्यंत तसाच असतो. निदान ही शेवटची ओळ तरी काढा त्या मेसेजमधून, मग बाकीचा करा फॉरवर्ड हवा तर.