‘वाताला वेगळा डॉक्टर कशाला?’ या संदेशाला उत्तर

यवतमाळ-वर्ध्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, वात म्हणजे वात, त्याची गोळी गावच्या डॉक्टरलाही ठाऊक असते, सांध्यांसाठी हाडांचा डॉक्टर आहेच. मग एमडी झाल्यावर संधिवातासाठी पुन्हा तीन वर्षे शिकणे ही शहरातल्या श्रीमंतांसाठीची चैन आहे. याच भागात फिजिशियन म्हणून काम करताना मला हा संदेश रुग्णांच्या तोंडूनही ऐकू येऊ लागला, म्हणून हे उत्तर.

‘वात म्हणजे वात’ हे विधान आपल्या मुलखात तर फारच घातक आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो; त्यात हाडे असह्य दुखतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते खचू शकते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पाठ आणि गुडघे आखडतात. चिकनगुनियाचा ताप उतरल्यावरही सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात, हे २००६च्या साथीपासून आपण पाहत आलो आहोत. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आणि ल्युपस यांत प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते, गाऊटमध्ये सांध्यात युरिक आम्लाचे खडे साठतात; हे आजार आणखी वेगळे. दुखणे सगळ्यांचे सांध्यातच. उपचार मात्र प्रत्येकाचा निराळा आणि एकाचे औषध दुसऱ्याला कधी कधी अपायकारक.

हा फरक ओळखायला तपासणाऱ्याच्या हाताला वळण लागावे लागते. कापूस वेचणारी बाई सांगते की सकाळी मूठ वळत नाही आणि दोन तास गेल्याशिवाय बोंडातून कापूस निघत नाही. एक्स-रे चांगला असतो, आमवातासाठी रक्तात तपासला जाणारा आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो आणि कॅल्शियमच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवले जाते. वस्तुतः आमवाताच्या दहांपैकी दोन-तीन रुग्णांत हा फॅक्टर निगेटिव्हच असतो आणि सुरुवातीला एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. अशा वेळी बोटांच्या मुळाशी असलेले सांधे एकेक करून दाबले तर हाडाच्या कठीणपणाऐवजी मऊ, पिठूळ सूज लागते, आणि निदानाची दिशा तिथेच मिळते. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत सांधा झिजू लागतो, त्यामुळे ही सूज वेळेवर हाती लागणे म्हणजे त्या बाईची मजुरी टिकणे.

‘गोळी सगळ्यांना ठाऊक आहे’ हेही अर्धेच खरे. आमवातावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे, त्यामुळे श्रीमंतांच्या चैनीचा मुद्दा इथेच गळून पडतो. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाने ते रोज घेतले होते, कारण चिठ्ठीवर वार लिहिलेला नव्हता. तोंडभर फोड आले होते आणि पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या होत्या. औषध सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, गरोदरपणात पूर्ण बंदी, ठरावीक काळाने रक्त तपासणे, हे सारे गोळीच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नव्या जैविक इंजेक्शनांपैकी काहींमुळे शरीरात दबून राहिलेला क्षय उसळतो. आणि गावोगावी ‘वाताच्या’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. ते वर्षानुवर्षे घेतलेल्या माणसाचे ते एकदम बंद करणेही जिवावर बेतू शकते.

हाडांच्या डॉक्टरांविषयी इतकेच सांगतो: ते सांधा बदलतात, मोडलेले हाड जोडतात, आणि त्यांच्यावाचून आमचे चालत नाही. पण शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यावर, फुप्फुसावर, मूत्रपिंडावर उलटते तेव्हा तो आजार शस्त्रक्रियेचा नसतो. एमडीनंतरच्या ‘डीएम क्लिनिकल इम्युनॉलॉजी अँड ऱ्हुमॅटॉलॉजी’ या, म्हणजे प्रतिकारशक्ती आणि संधिवाताच्या, अभ्यासक्रमाची तीन वर्षे नेमकी यासाठी असतात.

संदेशातली एक तक्रार मात्र रास्त आहे: हे शिकलेले डॉक्टर बहुतेक शहरांतच राहतात. त्यावर उपाय प्रशिक्षण मोडीत काढणे हा नव्हे. सेवाग्राम, नागपूर, यवतमाळच्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्यांना ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक दिवस सांध्यांच्या बाह्यरुग्ण विभागासाठी नेमावे, ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवेवर या विषयाचा सल्ला उपलब्ध असावा, आणि तालुक्याच्या डॉक्टरांसाठी सांधे तपासण्याचे छोटे प्रशिक्षण सुरू करावे. तोवर मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक चिठ्ठीवर आणि गोळ्यांच्या पाकिटावर घेण्याचा वार मराठीत ठळक लिहून देणे आपण उद्यापासूनच सुरू करू शकतो.