पापण्या मिटल्या म्हणजे ध्यान लागलं?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या पहाटेच्या योगवर्गाच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला. म्हणणं असं: ध्यान डोळे मिटूनच होतं; उघड्या डोळ्यांचं ध्यान हे जपानी खूळ, आपल्या ऋषींनी ते कधी केलं नाही; डोळे उघडले की मेंदूतल्या अल्फा लहरी थांबतात; आणि मिटल्याशिवाय मन आवरत नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग.

जपानात झेन या बौद्ध पंथाचे साधक अर्धे डोळे उघडे ठेवून बसतात, खरंय. पण गीतेचा सहावा अध्याय काढा. नजर नाकाच्या शेंड्याशी ठेवायला सांगितलीय. शंकराचार्य आपल्या भाष्यात त्याला 'जणू' जोडतात, म्हणजे नाक न्याहाळत बसायचं नाही. पण डोळे मिटा असं श्लोकात नाही. त्याच अध्यायावर ज्ञानोबा काय सांगतात? वरच्या पापण्या ढळलेल्या, खालच्या उघड्या, स्थिती 'अर्धोन्मीलित'. घरात ज्ञानेश्वरीचं पारायण करणाऱ्यांनीच हा मेसेज पुढे ढकलावा, याची गंमत वाटली. पतंजली तर आसन स्थिर आणि सुखाचं असावं म्हणून मोकळे होतात, पापण्यांबद्दल चकार शब्द नाही.

अल्फाचं थोडक्यात. जर्मन डॉक्टर हान्स बर्गरनं १९२९ मध्ये मेंदूच्या लहरींचा आलेख छापला, तेव्हापासून ठाऊक आहे की निवांत माणसानं डोळे मिटले की या लहरी वाढतात. एसटी स्टँडवर बॅग मांडीवर घेऊन डोळे मिटणाऱ्याच्याही वाढतील, म्हणून त्याला ध्यान लागलं असं नाही. डुलकी लागली की ओसरतात.

आणि डुलकी लागतेच. आमच्यातले एक काका ताठ बसायचे, पण आठव्या मिनिटाला हनुवटी छातीवर आणि नाकातून बारीक शिट्टी. त्यांना म्हटलं, डोळे अर्धे उघडा, चार हातांवरच्या फरशीच्या सांध्यावर नजर सैल सोडा. चौथ्या दिवशी म्हणाले, "अर्धा तास एवढा मोठा असतो होय!"

मिटून बसण्याशी माझं भांडण नाही. इगतपुरीला विपश्यनेत मिटूनच बसवतात, आणि समोर काही हललं की ज्याचं लक्ष उडतं त्यानं खुशाल मिटावेत. 'मिटल्याशिवाय नाहीच' हे मात्र चुकीचं, आणि कधी कधी क्रूरही. २०१९ च्या पुरात माळ्यावर रात्र काढलेल्या एक वहिनी वर्गात येतात. डोळे मिटले की त्यांना जिन्यावर चढणारं पाणी ऐकू येतं. पहिल्या दिवशी त्या मधेच उठून गेल्या होत्या. आता रोज बसतात, डोळे उघडे ठेवून, दाराकडे तोंड करून.