वाड्याची तुळई आणि आठ बाय चारची शीट

आमचा नाशिकचा वाडा पाडला तेव्हा खांब, तुळया, कडीपाट सगळं जुनं लाकूड घेणाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेलं. त्याच जागेवर बिल्डिंग झाली, दुसऱ्या मजल्यावर आम्हाला फ्लॅट मिळाला. इतकी वर्षं जुन्या फर्निचरवर भागवलं आणि मागच्या वर्षी एकदाचं इंटिरिअर काढलं. डिझायनर ताईंनी टॅबवर दाखवलेलं पहिलंच चित्र काय होतं? जुन्या सागवानी तुळईचं टेबल! किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपली अख्खी ओसरी एवढ्यात गेली होती."

हल्ली सगळे 'कस्टमाइज्ड' म्हणतात. मग गंगापूर रोडचा फ्लॅट काय आणि सराफ बाजाराजवळचा काय, आत शिरलं की तेच कसं दिसतं? पीओपीचं सीलिंग, त्यात लाइटची पट्टी, टीव्हीमागे फळ्याफळ्यांची भिंत. मला याचं कारण प्लायवुडच्या शीटमध्ये सापडलं. शीट आठ फूट बाय चार फूट. कपाटाची उंची, पलंगाचा बॉक्स, सगळं तिच्यातून कमीत कमी तुकडा वाया जावा या हिशेबाने ठरतं. म्हणजे माप घेतलं जातं ते शीटचं. (वाड्यातही माप लाकडाचंच असायचं म्हणा. दोन खांबांमधला तो खण. पण त्या खणात देवळी कुठे, खुंटी किती उंचीवर, हे घरातली माणसं ठरवायची.)

सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच. डिझाइनमध्ये ओटा ३४ इंच. त्यांना पोळी लाटायला खांदे वर उचलावे लागले असते. कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा हवा, हे ताईंनाही माहीत होतं, पण "मॉड्युलरमध्ये हेच बसतं." आमच्या स्वयंपाकघरात आता ओट्याच्या दोन उंच्या आहेत, पोळ्यांचा भाग ३० इंच. दिसायला विचित्र आहे, पाहुणे विचारतात.

आणि गोदावरी. २००८ च्या पुरात वाडा उभा होता. नदीजवळच्या जुन्या सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागल्याचं कळलं की आमच्याकडे खालचं सामान माळ्यावर चढायचं, कुणी सांगावं लागत नसे. २०१६ ला पाणी नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, आमच्या भांड्यांच्या दुकानात शिरलं. तांब्या-पितळेला काय, पुसून परत मांडली. एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचे, रॅक मात्र भिजलेल्या टोस्टसारखे फुगले. तरी या वेळी दुकानासाठी पुन्हा एमडीएफच सुचवलं गेलं, कारण त्याच्यावर रंग गुळगुळीत बसतो! आम्ही लोखंडी घोडे करून घेतले. ज्याला नदी कुठून येते ते माहीत नाही, त्याने सराफ बाजारात इंटिरिअर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं ते सोनं वगैरे मी म्हणत नाहीये. वाड्यातली फडताळं पावसाळ्यात फुगून दिवाळीपर्यंत उघडायची नाहीत. माझ्या ड्रॉवरना चॅनलच हवेत, बिजागऱ्याही आपोआप मिटणाऱ्याच हव्यात. शेवटी काम ताईंना न देता सुताराला दिलं, पण सुताराचं तंत्र वेगळं. तीन आठवडे सांगून काम तीन महिने चाललं, मध्ये तो गावी लग्नाला गेला तो महिनाभर आलाच नाही. ताईंचं काम वेळेत झालं असतं, हे नवरा अजून ऐकवतो.

वाड्याच्या दोन तुळया ट्रकवाल्याच्या नजरेतून सुटल्या होत्या, त्या नव्या बिल्डिंगच्या गच्चीत पडून होत्या. सुताराने एकीला करवत लावली आणि पातं तुटलं. आत चौकोनी डोक्याचा लोखंडी खिळा. मग त्याने आधी सगळे खिळे उपटले, बोटांनी चाचपत, संध्याकाळपर्यंत. त्यातून झोपाळ्याची फळी निघाली. ताईंच्या नकाशात तिथे एल शेपचा सोफा होता. कड्या भांडी बाजारातून पितळेच्या आणल्या, आणि हूक बीममध्ये घ्यायचे म्हणून सीलिंगचा तेवढा भाग पीओपीविना राहिला.

दुसरी तुळई अजून गच्चीतच आहे. सासूबाई तिच्यावर पापड वाळत घालतात आणि सुताराला तिच्या आसपास फिरकू देत नाहीत.