नारिंगी कपड्यांतल्या निदर्शकांबद्दल चार खोट्या गोष्टी

वॉशिंग्टनमध्ये नारिंगी जंपसूट घालून, डोक्यावर काळी खोळ ओढून उभ्या राहणाऱ्या निदर्शकांच्या फोटोखाली एक मजकूर फिरतोय. ग्वांतानामो हा क्युबातला अमेरिकी लष्करी तुरुंग; तो बंद करा, ही या निदर्शकांची मागणी. मजकूर म्हणतो: ग्वांतानामोत फक्त रणांगणावर पकडलेले अतिरेकी होते, त्यांना न्यायालयात दाद मिळालीच, छळामुळेच माहिती हाती आली, आणि ही निदर्शनं म्हणजे फोटोपुरतं नाटक, त्यानं कुणीही सुटलं नाही. चारही विधानं खोटी आहेत.

‘रणांगणावर पकडलेले.’ लखदार बूमेदियेन बोस्नियात रेड क्रेसेंटसाठी काम करत होता. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याला तिथेच अटक झाली. जानेवारी २००२ मध्ये बोस्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सुटकेचा आदेश दिला, तरी त्याला अमेरिकेच्या हवाली करण्यात आलं. अफगाणिस्तानात तर अमेरिकेनं बक्षिसाची पत्रकं विमानातून टाकली होती. पैशासाठी कोण कुणाला पकडून देईल, याला काही धरबंध राहिला नाही.

‘न्यायालय मिळालंच.’ पहिले २० कैदी ११ जानेवारी २००२ रोजी ग्वांतानामोत उतरले. अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा घटनात्मक हक्क त्यांना आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं जून २००८ मध्ये, तेही ५ विरुद्ध ४ मतांनी आणि बूमेदियेनच्याच खटल्यात. त्याच नोव्हेंबरात न्यायाधीशानं पुरावे तपासले. एका निनावी खबऱ्याचा शब्द, एवढंच निघालं. मे २००९ मध्ये बूमेदियेन सुटून फ्रान्सला गेला. ग्वांतानामोत आजवर सुमारे ७८० जणांना डांबलं गेलं. लष्करी आयोगापुढे, म्हणजे या कैद्यांसाठीच्या खास लष्करी न्यायालयापुढे, दोषी ठरलेले बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतल्याही काहींची शिक्षा पुढे रद्द झाली.

‘छळामुळे माहिती मिळाली.’ अमेरिकेनं इजिप्तकडे सोपवलेला संशयित इब्न अल-शेख अल-लिबी यानं तिथे छळाखाली सांगितलं की इराकनं अल-कायदाला रासायनिक अस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेनं तेच संयुक्त राष्ट्रांत पुरावा म्हणून मांडलं, इराकवर युद्ध झालं, आणि २००४ मध्ये त्यानं जबाब मागे घेतला. मार थांबावा म्हणून माणूस समोरच्याला हवं ते बोलतो. असा जबाब पुढे न्यायालयातही टिकत नाही. अमेरिकेच्या ‘कोल’ युद्धनौकेवरील हल्ल्याच्या खटल्यातला कबुलीजबाब २०२३ मध्ये याच कारणानं बाद झाला. छळानं पीडितांच्या नातलगांचा न्यायही हिरावला.

आता ‘नाटक’. फोटोपुरतंच असतं, तर एवढे नियम आणि अटक कुणी पत्करली असती? खोळीतून समोरचं धड दिसत नाही, म्हणून रांगेच्या बाजूनं उघड्या डोक्याचे कार्यकर्ते चालतात आणि पायरी, कठडा आला की सांगतात. व्हाइट हाउससमोरच्या फुटपाथवर २५ पेक्षा जास्त लोक असतील तर परवाना लागतो. फलक पुठ्ठ्याचा किंवा कापडाचा, रुंदी ३ फुटांपर्यंत, लाकडी काठी पाऊण इंचाहून जाड नको. फुटपाथच्या मधल्या २० यार्डांत फलक घेऊन थांबता येत नाही, चालत राहावं लागतं. रांग तिथे थबकली की पोलीस इशारे देतात, मग अटक. सर्वोच्च न्यायालयाबाहेरच्या फुटपाथवर उभं राहणं १९८३ च्या निकालानं मान्य आहे, पण पायऱ्या चढून आवारात फलक धरला की गुन्हा. ११ जानेवारी २००८ रोजी सुमारे ८० जणांनी तो जाणूनबुजून केला आणि स्वतःच्या नावाऐवजी एकेका कैद्याचं नाव सांगितलं. ज्यांना न्यायालयात उभं केलं जात नव्हतं, त्यांची नावं अशी तिथे उच्चारली गेली.

‘कुणी सुटलं नाही’? निव्वळ मोर्च्यानं कुलूप निघत नाही, हे खरं. वकील आणि मुत्सद्देगिरी लागतेच. पण ब्रिटनचा रहिवासी असलेल्या शाकेर आमेरला सोडायला हरकत नाही असं २००७ मध्येच ठरलं होतं, तरी तो आतच होता. लंडनमध्ये लोक संसदेबाहेर पुन्हा पुन्हा उभे राहिले, लाखाहून जास्त सह्या झाल्या, मार्च २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेनं त्याच्या सुटकेचा ठराव केला. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी तो ब्रिटनमध्ये उतरला.

जानेवारी २०२५ मध्ये ११ येमेनी कैदी ओमानला गेले, तेव्हा मागे १५ उरले. त्यांत अबू झुबैदा आहे. मार्च २००२ मध्ये फैसलाबादला पकडलेला, त्याच ऑगस्टमध्ये ८३ वेळा पाण्यानं गुदमरवलेला. त्याच्यावर आजवर आरोपपत्र नाही.