ड्रायव्हर उडवण्याआधी हे बघा

एका लेखात कॉम्प्युटरची स्क्रीन काळी पडली की थेट ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून नवा टाका म्हटलंय. जरा थांबा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टला आहे ना? आय५-१२४००एफसारख्या ‘एफ’वाल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. आणि बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) स्क्रीनवरही रेघा-ठिपके दिसत असतील तर ड्रायव्हरला दोष देऊ नका, तिथे विंडोजचा ड्रायव्हर चढलेलाच नसतो. केबल, कार्ड, मॉनिटर तपासा.

चालू मशीनवर स्क्रीन गेली तर विंडोज+कंट्रोल+शिफ्ट+बी दाबा. बीप होऊन ड्रायव्हर रीसेट होतो, उघडी कामं सहसा जात नाहीत. हे वारंवार होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. म्हणजे कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा उठवला. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) ही २ सेकंदांची मुदत वाढवायचे सल्ले सर्रास फिरतात. त्याने बहुतेकदा दुखणं फक्त झाकलं जातं. त्यापेक्षा ओव्हरक्लॉक (कार्डाचा मुद्दाम वाढवलेला वेग) काढा, कार्डाला वीज देणारी ६+२ पिन खटकन पूर्ण बसली आहे का बघा.

ड्रायव्हर काढायचाच असेल तर नवा आधी उतरवून ठेवा, लॅन केबल काढा, वायफाय बंद करा आणि मग सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, जुना ड्रायव्हर पूर्ण काढणारा प्रोग्रॅम) चालवा. नेट चालू राहिलं तर नवा टाकेपर्यंत विंडोज अपडेट आपला ड्रायव्हर घुसवून मोकळं होतं. जुन्या कार्डाला तर बऱ्याचदा सर्वात नव्यापेक्षा आधीची आवृत्तीच मानवते.