सर्टिफिकेटवर नाव लागतंय ना!

‘सर्टिफिकेटवर एवढ्या मोठ्या कंपनीचं नाव लागतंय ना, वर पैसे कशाला हवेत?’ आमच्या घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांनी हे लिहिलं आणि बघता बघता खाली सात अंगठे उठले. श्टुटगार्टमध्ये रविवारची सकाळ होती. बेकरीतून आणलेले ब्रेत्सेल टेबलावर तसेच राहिले आणि मी उत्तर टाइप करायला बसले.

विषय माझ्या भाच्याचा. ठाण्यात राहतो, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष संपलंय आणि ऐरोलीतल्या एका बड्या कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. बिनपगारी. ताईने एवढंच लिहिलं होतं की जाण्यायेण्याचे पैसे तरी द्यायला हवे होते. त्यावर ‘आजकालच्या पोरांना सगळं आयतं हवं’ आणि ‘आम्ही फुकट राबलो म्हणून शिकलो’ सुरू झालं.

पोरगा काय शिकतोय ते मला ठाऊक होतं, कारण तो मला वेगळे मेसेज करतो. पहिले अकरा दिवस त्याला लॉगिन आयडीच नव्हता. रोज सकाळी गेटवर रजिस्टरमध्ये लॅपटॉपचा नंबर लिहायचा, गळ्यात ‘व्हिजिटर’ची पट्टी अडकवायची आणि त्या दिवशी जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं. बाराव्या दिवशी आयडी आला. मग त्याने साहेबांच्या प्रेझेंटेशनमधल्या चाळीस स्लाइडांचा फॉन्ट एकसारखा करून दिला. कॅन्टीनची कुपनं फक्त कर्मचाऱ्यांना, म्हणून हा घरून डबा नेतो.

मग मी लिहिलं. जरा जास्तच लिहिलं. जर्मनीत 2015 पासून किमान वेतनाचा कायदा आहे, तेव्हा तासाला साडेआठ युरो होते, 2025 मध्ये 12.82 झाले. आमच्या टीममध्ये दर सेमिस्टरला एक प्राक्टिकांट, म्हणजे इंटर्न, असतो. त्याचं टेबल, लॅपटॉप, गेटची चिप पहिल्या दिवशी तयार असते, त्याला हक्काच्या सुट्ट्या असतात आणि साडेचारला तो निघाला तर कोणी घड्याळाकडे बघत नाही. जाताना त्याला त्सॉयग्निस, म्हणजे कामाचं प्रशस्तिपत्र, मिळतं आणि ते मी स्वतः लिहिते. त्यात ‘पूर्ण समाधान’च्या आधी ‘कायम’ हा शब्द घातला की नाही, यावर त्याचा शेरा एका पायरीने वरखाली होतो, म्हणून मी त्या एका शब्दापाशी अर्धा अर्धा तास अडते. तुमच्या सर्टिफिकेटांवर फक्त नाव बदलतं, खालचा मजकूर सगळ्यांना तोच. शेवटी ‘विचार करा’ असंही लिहिलं. तेवढं लिहायला नको होतं.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहिली नाही. त्याच जर्मन कायद्यात, अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली इंटर्नशिप किमान वेतनातून वगळली आहे. आपणहून केलेली असली तरी तीन महिन्यांपर्यंतची वगळलेली आहे. म्हणजे भाचा इथे असता तरी त्याच्या दोन महिन्यांचे पैसे कायद्याने कोणी देणं लागलं नसतं. मोठ्या कंपन्या देतात, आमची देते, पण तो त्यांचा रिवाज. मी सगळा वाद कायद्याच्या जोरावर घातला होता आणि हे कलम मला चांगलं माहीत होतं.

काकांनी प्रत्युत्तर म्हणून पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा फॉरवर्ड टाकला. 2024 मध्ये जाहीर झालेली, पाचशे बड्या कंपन्या, तेव्हा महिन्याला 5,000 रुपये, त्यातले 4,500 सरकारचे आणि कंपनीचे फक्त 500. पण पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना ती लागूच नव्हती. आणि काकांचं ‘फुकट राबलो’ तर साफ खोटं. आयटीआय करून ते वागळे इस्टेटमध्ये अप्रेंटिस होते, तेव्हा त्यांना दरमहा विद्यावेतन मिळायचं, ते 1961 च्या अप्रेंटिस कायद्याने. पहिल्या विद्यावेतनातून आजीला लुगडं घेतल्याची गोष्ट आम्ही प्रत्येक दिवाळीला ऐकली आहे. हे मी लिहिणार होते. मग वाटलं, जाऊ दे, पंचाहत्तरीचे आहेत.

फुकट खरं तर मी राबले होते. 2006 चा मे महिना, नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला एक मोठा कारखाना. तेव्हा ‘इंटर्नशिप’ म्हणत नसत, ‘इनप्लांट ट्रेनिंग’ म्हणत. चार आठवडे मी जुन्या ड्रॉइंगांचे नंबर वहीत उतरवले. तिथे इन्स्पेक्शनला एक काका होते. एका दुपारी त्यांनी माझ्या हातात मायक्रोमीटर दिला आणि मी तो नळ बंद करावा तसा पिळला. ते म्हणाले, ‘पोरी, जोर नाही लावायचा. मागची रॅचेट फिरव, तीनदा टकटक झालं की थांब आणि वाच.’ त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत ते मला एक पिन मोजायला द्यायचे आणि स्वतःचं माप कागदावर लिहून खिशात ठेवायचे. माझं माप जुळलं तर कागद दाखवायचे, नाही जुळलं तर नुसतं ‘उद्या’. इथे मी प्राक्टिकांटला हेच करते, कागदासकट. टीमला वाटतं, ही माझी पद्धत आहे.

म्हणजे मोठे काका बरोबर का? मुळीच नाही. त्या माणसाने मला स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीतून शिकवलं. कंपनीचा त्यात काही हात नव्हता.

आणखी एक सांगायचं राहतं. गेल्या वर्षी आमच्याकडे ठाण्याच्या एका मुलाचा अर्ज आला होता. मार्क उत्तम, जर्मन जेमतेम ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीचं. मी तो बाजूला ठेवला आणि भाषेचं कारण लिहिलं. कारण खोटं नव्हतं. पण मीटिंगमध्ये तो अडखळला असता तर सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं असतं, आणि इथल्या तेरा वर्षांनंतर ते मला नको होतं. हे ग्रुपवर कोणालाच माहीत नाही. काकांनी माझ्या लांबलचक मेसेजवर फक्त ‘तू तिकडे सुखात आहेस, आनंद आहे’ असं लिहून हात जोडले, तेव्हा मला नेमका तो अर्ज आठवला.

संध्याकाळी मी भाच्याला लिहिलं, सोडून दे सरळ. तो म्हणाला, ‘मावशी, आईने तीन महिन्यांचा पास काढून दिलाय, आणि आता कुठे एक मॅडम टेस्टिंग शिकवायला लागल्यात.’ बरं म्हटलं. उगाच मोठेपणाने पुढे लिहिलं, मग निदान गाडीत झोपू नकोस, ठाणं सुटलं की पहिलं स्टेशन ऐरोलीच, डोळा लागला तर थेट रबाळ्याला जाशील.

‘पहिलं दिघा गाव, मावशी,’ त्याने लिहिलं. ‘2024 लाच झालं की.’